दळण ता. १८

१२ जानेवारी

मोहोळ मागे पडलं की मी सामान सोडून दाराशी जाऊन उभी राहते. कॉलेजपासूनची सवय आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्रभर धावून आता दमल्यासारखी चालत होती, बाहेर नुकतं फटफटत होतं, आणि रुळाच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती. कणसं भरलेली. हे मी अकरा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. स्टुटगार्टला राहायला गेल्यापासून आम्ही येतो ते ऑगस्टमध्ये, लेकीच्या शाळेच्या सुट्टीप्रमाणे. ऑगस्टमध्ये इथल्या रब्बीच्या रानात काय असतं? काळी माती, आणि पेरणीची वाट बघणारी माणसं. यंदा मी एकटी आले, आणि जानेवारीत.

पर्समध्ये एक यादी होती. स्टुटगार्टच्या फ्रीजवर चुंबकाखाली वर्षभर लटकलेला कागद. ज्या दिवशी जे खावंसं वाटलं ते त्यावर लिहायचं, असा नियम. वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या मूडमध्ये लिहिलेलं: हुरडा. शेंगापोळी. भोगीची भाजी. सुशीला. गाड्यावरची इडली. धपाटे, वर घट्ट दही. हुग्गी. कांडपावरची चटणी. सगळ्यात खाली नवऱ्याच्या अक्षरात, लाल पेनाने: 'भाकरी. नुसती खाऊन येऊ नकोस, शिकून ये.'

हा टोमणा होता आणि तो मला लागला होता. त्याची हकीकत पुढे येईलच.

सोलापूरला, बाळीवेशीजवळच्या घरी पोचले तेव्हा साडेसात वाजले होते. आई देवपूजेत, दादा दुकान उघडायच्या गडबडीत, आणि आत्या स्वयंपाकघरात पाटावर. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गॅसचा ओटा करून पंचवीस वर्षं झाली, पण भाकरी थापायला ती अजून खालीच बसते, शेगडी खाली घेऊन.

"काय खाणारैस?" हा तिचा पहिला प्रश्न. कशी आहेस वगैरे नंतर.

"भाकरी."

"विमानातनं उतरून भाकरी? तिकडं सुशीला करून ठेवलंय वहिनीनं."

सुशीला खाल्लं. चुरमुरे भिजवून, पिळून, वर शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर. यादीतलं एक नाव सकाळी आठच्या आत कटलं. मग आत्याने काहीही न बोलता एक भाकरी ताटात टाकली. ताज्या भाकरीचा वरचा पापुद्रा सुटतो, आत बोट घातलं की वाफ बाहेर येते. त्यात शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. मी दोन खाल्ल्या. तिसरीला आईने हात धरला.

दुपारी पार्क चौकाकडून आलो. चार पुतळ्यांपाशी हार होते. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या इथल्या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली. शाळेत असताना या दिवशी आम्हाला इथे रांगेने आणत, आणि मी मनातल्या मनात घरी जाऊन काय खायचं ते ठरवत असे. लाज वाटते, पण खरं आहे.

१३ जानेवारी, भोगी

भोगीची भाजी परदेशात करून पाहिलेल्या कोणालाही विचारा. वांगी मिळतात, गाजर मिळतं. पावटा गोठवलेला मिळतो, तमिळ माणसाच्या दुकानात. पण हरभऱ्याचे ओले घाटे, बोरं, उसाची कांडकी, ओल्या शेंगा? गेल्या वर्षी मी बोरांच्या जागी सुके क्रॅनबेरी घातले होते. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

आज वहिनीबरोबर लक्ष्मी मंडईत गेले. भोगीच्या सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. घाटे सोलायला बसलेल्या बायका आपसात तेलुगूत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि शेजारच्या फळवाल्याशी कानडीत. आपण कोणत्याही भाषेत घासाघीस करा, भाव तोच. वहिनीने दीड तास घालवला. मी तेवढ्या वेळात नुसता वास घेत उभी होते. स्टुटगार्टच्या सुपरमार्केटला वास नसतो. भाज्या जणू कपाटातून काढून ठेवलेल्या.

जेवायला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भाजी, लोणी. यादीतलं आणखी एक कटलं. त्यानंतर मात्र आत्याने परात माझ्यापुढे सरकवली.

आता ती हकीकत. जर्मनीत ज्वारीचं पीठ मिळतं. ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठीच्या कप्प्यात 'सॉरगम' नावाने छोटी पुडी असते. भारतीय दुकानातही मिळतं, किलोच्या पिशवीत. मी अकरा वर्षं दोन्ही आणते आहे आणि माझी भाकरी अकरा वर्षं तडकते आहे. थापताना कडेला भेगा, उचलताना दोन तुकडे, तव्यावर तीन. धुराचा गजर दोनदा वाजला. नवरा पुण्याचा, चपातीवर वाढलेला, तो या तुकड्यांना 'ज्वारीचे नाचोज' म्हणतो.

आत्याला मी हे सगळं सांगितलं तर ती हसली नाही. तिने विचारलं, "दळण कवाचं?"

पिशवीवर पॅकिंगची तारीख असते, ती साधारण सहा-सात महिन्यांपूर्वीची. हे ऐकून तिने कपाळावर हात मारला. "विरी गेलेलं पीठ ते. त्याची भाकरी ब्रह्मदेवाला यायची न्हाई."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, धरून ठेवण्याची ताकद. गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाहीच. ज्वारी एकत्र राहते ती तिच्यातल्या स्टार्चवर, आणि तो उकळत्या पाण्याने जागा करावा लागतो. पीठ जितकं जुनं तितकं ते पाण्याला दाद देत नाही, शिवाय कडवटही होतं. आमच्याकडे म्हणूनच दळण कधी महिन्याचं आणत नाहीत. आठवड्याचं, फार तर दहा दिवसांचं. हे मला माहीत नव्हतं का? गिरणीत डबा घेऊन जायचं काम लहानपणी माझंच होतं. दर आठवड्याला का पाठवतात, हे मात्र कधी विचारलं नाही.

ताज्या पिठाची पहिली भाकरी मी थापली. तडकली नाही. पण आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला. भाचा म्हणाला, "कोकण जरा जास्तच लांबलंय बे." स्वतःच्या आत्याला, म्हणजे मला, त्याने बे म्हटलं म्हणून आईने टपली मारली.

संध्याकाळी सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांना तैलाभिषेक करून परतले. मी झोपले होते. विमानाची झोप.

१४ जानेवारी, संक्रांत

अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ जायचं तर लवकर निघावं लागतं. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हटल्यावर छातीत बसणारा आवाज. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, त्याची ही अक्षता. लहानपणी दादाच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. आता दादाचे खांदे धरून उभी राहिले, गर्दीत पाय उचलले जात होते म्हणून.

घरी शेंगापोळी. पुरणपोळीचं नाव सगळे घेतात, पण संक्रांतीला आमच्याकडे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेली पोळी असते, खुसखुशीत. तिच्याबद्दल मला लिहायला फारसं काही नाही. कारण ती मला तिकडेही मिळते. दादा दर वर्षी पाठवतो. आठ-दहा दिवस सहज टिकते. पार्सल उशिरा आलं तरी खाता येते. खाताना आज मी दोनदा स्वतःला विचारलं, हिची आठवण मला खरंच येत होती का, की यादी लांब दिसावी म्हणून लिहिलं होतं?

१५ जानेवारी

गाड्यावरची इडली. सकाळी सातला भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. अशोक चौकाच्या बाजूला पद्मशाली वस्तीत सकाळी असे गाडे लागतात. शाळेत असताना हीच इडली वहीच्या कागदावर मिळायची. आज मिळाली ती ठीक होती. चटणी तिखट होती, फार तिखट. डोळ्यांतून पाणी आलं. गाडेवाल्या अक्कांनी भाच्याला विचारलं, "पाव्हणे कुठले?"

अकरा वर्षांत जीभ मऊ पडते. हे कोणी यादीत लिहीत नाही.

दुपारपर्यंत पोटाने बंड केलं. संध्याकाळची होमप्रदीपनाची मिरवणूक चुकली. आत्याने ज्वारीच्या कण्या केल्या. भरडलेली ज्वारी शिजवून, गार करून, त्यात ताक आणि मीठ. दुसरं काही नाही. रात्री नऊला मी ते वाडगं भरून खाल्लं, अंथरुणावर बसून. कण्या यादीत नव्हत्या. गेल्या कित्येक वर्षांत मला त्यांची आठवणही झालेली नव्हती, आणि पहिल्या चमच्याला मला रडू आलं. त्याचं कारण आत्या पोटदुखी समजली.

१६ जानेवारी

पोट बरं. मंगळवेढ्याच्या बाजूला दादाच्या मित्राच्या रानात हुरडा होता. सोलापुरातून तासाभराचा रस्ता. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. काळी खोल माती, थंडीतलं दव, आणि त्या ओलीवर येणारी मालदांडी. २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. रानाच्या मालकाला ते ठाऊक होतं. त्याबद्दल त्याचं मत असं की कागद चांगला आहे, भाव अजून यायचाय.

हुरड्याला मालदांडी नाही, वेगळी ज्वारी असते. इथे गुळभेंडी लावलेली होती, गोड आणि मऊ. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी. निखारा झाला की त्यात कणसं खुपसायची. एक जण भाजतो, एक जण गरम कणीस तळहातावर चोळतो, आणि बाकीचे तोंड उघडून बसतात. चोळणाऱ्याचे हात भाजतात. तो काम बदलून मागत नाही, कारण पहिली मूठ त्याची असते. सोबत शेंगाची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ.

मी बोललेच नाही. दादा सारखा विचारत होता, "कसं वाटायलंय?" तोंड भरलेलं होतं.

हुरडा ही गोष्ट पाठवता येत नाही, नेता येत नाही, गोठवून ठेवली तर तिला हुरडा म्हणता येत नाही. दाणा दुधातून चिकात गेला की थोडे दिवस तो असतो. मग कडक होतो आणि ज्वारी होते. स्टुटगार्टच्या आमच्या मराठी गटात प्रत्येकाचं एक असं दुखणं आहे. कोल्हापूरचा एक जण पांढऱ्या रश्शावर बोलायला लागला की बायको विषय बदलते. मालवणची एक मैत्रीण ओल्या काजूंचं नाव काढत नाही, कारण काढलं की दिवस वाईट जातो. आणि हे फक्त आपल्याच लोकांचं नाही. माझा एक जर्मन सहकारी वर्षभर चाकणला होता. तिथून परत आल्यावर तो म्हणाला की त्याने सूटकेसमध्ये हवाबंद पाकिटातली काळी रायची ब्रेड नेली होती, सतरा पाकिटं. पुण्याचा मऊ पाव त्याच्या घशाखाली उतरेना. "दाताला काम नाही त्याला," म्हणाला. मी त्याला घरातली कडक भाकरी दिली. त्याने तिच्यावर लोणी लावलं, मीठ भुरभुरलं, आणि पुढच्या आठवड्यात अजून आहे का म्हणून विचारलं.

परतताना गाडीत दादाने कोटणीसांचा विषय काढला. सोलापूरकर परदेशाबद्दल बोलायला लागला की कोटणीस येतातच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, इथलेच. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले. भैय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे. आत्या मागच्या सीटवरून म्हणाली, "चार वर्षं त्यानं काय खाल्लं असंल गं?" मी तिला सांगितलं की उत्तर चीनमध्ये ज्वारी पिकते, तिला गाओलियांग म्हणतात. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण थापणारं कोण तिथं?"

रात्री गच्चीवरून शोभेचं दारूकाम पाहिलं. मान दुखली.

१७ जानेवारी

चटणीचा दिवस.

शेंगाची चटणी मिक्सरमध्ये होत नाही. मिक्सरमध्ये होतं ते कूट. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात घालून मुसळाने कुटलं की दाण्यातलं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा बनायला लागतो. वरून थेंबभर तेल न घालता ती ओलसर असते. म्हणूनच टिकते आणि म्हणूनच डब्यातून पाझरते. तीन वर्षांपूर्वी दादाने पाठवलेल्या खोक्याचा तळ तेलाने पारदर्शक झाला होता. कुरिअरच्या माणसाने ते माझ्या हातात दोन बोटांत धरून दिलं.

मग मी तिकडे दगडी खल विकत घेतला आणि एका रविवारी दुपारी कुटायला बसले. जर्मनीत रविवार हा शांततेचा दिवस. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांना वाटलं मी भिंत पाडते आहे. तेव्हापासून चटणी फक्त शनिवारी, सकाळी दहा ते बारा, खलाखाली घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवून. चादरीचा असा उपयोग विणणाऱ्यांच्या मनात नसणार.

आज कांडपावर गेलो. यंत्राची मुसळं वरखाली होत होती, तिखटाच्या धुरळ्याने सगळे खोकत होते, आणि आत्या पदर नाकाला लावून बाजूला उभी राहून दर दोन मिनिटांनी सांगत होती, "अजून. अजून. थांब, अजून." दोन किलो झाली.

संध्याकाळी दादाने तीन बचत गटांकडच्या कडक भाकऱ्या आणून टेबलावर मांडल्या आणि निवड म्हणाला. पातळ, तव्यावर भाजून मग आचेवर पार वाळवलेल्या, पापडासारख्या मोडणाऱ्या. महिनोन्महिने टिकतात. आमच्या भागातला माणूस पंढरीला जावो, कामाला जावो की जर्मनीला, त्याच्या सामानात ही असते. मी चाळीस घेतल्या. निम्म्या पोचेपर्यंत मोडतील. मोडलेल्या आमटीत कुस्करायला.

जेवायला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि धपाटे. यादी संपली. कागद मी घडी करून आईच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवला. तिने तो लगेच काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली आणि भाच्याला पिटाळलं.

१८ जानेवारी

बॅग भरणं हा आमच्या घरात सामुदायिक कार्यक्रम असतो. आईने तुपाची बरणी आणली. मी परत ठेवली. तिने पेढे आणले. तेही परत. युरोपात बाहेरून येणाऱ्या माणसाला दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. कढीपत्त्याचा जुडगा आला. डिसेंबर २०१९ पासून ताजी पानं, भाज्या, बहुतेक फळं यांना रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. "कढीपत्त्याला सर्टिफिकेट?" आईने विचारलं. "काय शिकलाय तो?" सुकं खोबरं दादानेच बाजूला काढलं, विमानात पेटायची भीती म्हणून चालत नाही. उरलं काय? चटणी तिहेरी पिशवीत, कडक भाकऱ्या टॉवेलांच्या मधे, शेंगापोळ्या, तिळगूळ, जवस.

आत्या या गोंधळात नव्हती. ती सकाळी सहालाच भाच्याला घेऊन गिरणीत गेली होती. नऊला परतली तेव्हा तिच्याकडे कापडी पिशवी होती, तीन किलोची. मी हात लावला. पीठ अजून कोमट होतं.

"ही मालदांडी. एकटीच दळून आणलीय, आधी गिरणी साफ करायला लावली. गव्हाचं पीठ मिसळलं तर तुझ्या त्या यडपट भाकरीला काय कारण सांगशील?"

मग तिने मला बसवलं. शेवटचा धडा. परातीत पीठ, मध्ये खळगं, त्यात खळखळतं पाणी. उलथन्याने ढवळून झाकून ठेवायचं. चटका सोसेल एवढं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. मी हात मागे घेतला तर तिने माझं मनगट धरून पिठात दाबलं. "चटका बसू दे. बसल्याशिवाय न्हाई कळत." थापताना भाकरी आपोआप फिरली पाहिजे, परातीत, गोल. आपण फिरवायची नाही. बोटांनी नुसतं ढकलत राहायचं. माझी अर्धी फिरली आणि अडली. थोडं कोरडं पीठ खाली सारलं. परत फिरली. उचलून तव्यावर टाकली, पिठाची बाजू वर, वरून पाण्याचा हात. पाणी आटायला लागलं तशी उलटली. मग तवा काढून सरळ जाळावर.

फुगली. पूर्ण नाही, एका बाजूने.

आत्याने ती मोडली, मीठ-तेल लावलं आणि निम्मी स्वतः खाल्ली. चांगली झाली असं काही म्हणाली नाही. दुसरा उंडा माझ्यापुढे टाकला.

रात्रीच्या गाडीला सगळे आले होते. डब्यात सामान लावून झाल्यावर आत्याने ती कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. वर भाच्याच्या बॉलपेनने लिहिलं होतं: 'दळण ता. १८'.

"पंधरा दिवसांत संपव. मग ते पीठ न्हाई, माती हाय."

कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा मी पिशवीत हात घालून पाहिला. आता गार झालं होतं.

स्टुटगार्टला पोचले २० तारखेला, संध्याकाळी. बर्फ पडत होता. नवरा बॅगा उचलत होता, लेक तिळगूळ शोधत होती. मी बूटही न काढता पाणी उकळायला ठेवलं. तेरा दिवस होते.